एक ठोका म्हणजे हो

३ मार्च
विमान बदलायच्या विमानतळावरून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पाकिटात माझं सिमकार्ड आहे, उघडताना पाडू नकोस. आपल्या घरात पडलेली टाचणी आजवर कुणाला सापडलेली नाही.

फोन चोरीला गेलेला नाही, घाबरू नकोस. विमानात शेजारी एक दातांचे डॉक्टर होते. मागच्या खेपेला परदेशात त्यांच्या फोनचं इंटरनेट नुसतं चालू राहिलं. खिशातल्या खिशात तो फोन आठ दिवस काहीबाही उतरवून घेत बसला आणि बिल विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त आलं. आपल्याला आलेला फोन उचलला तरी पैसे आपल्याच माथी. त्यांनी मला रोमिंग बंद करायचं बटण दाखवलं. पण एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसलेली बाई मी, बटण बंद म्हणजे लाइन बंद यावर माझा विश्वास नाही. प्लग उपटून हातात आला की लाइन बंद. तेव्हा कानातल्याच्या टोकानं कार्डच उपटलं. ते आपल्या घरी, आपल्या हद्दीत राहिलं तर रोमिंग लागेल कुठून?

लेकीकडे पोचले की फोनची काही स्वस्त सोय होईलच. कार्ड दुकानात भिंगांच्या डबीत ठेव. भावजयीला आशीर्वाद.

लोभ आहेच, त्याला रोमिंग लागत नाही.
तुझी ताई


९ मार्च
लेकीच्या घरून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

स्वस्त सोय राहिली बाजूला, इथे मोबाइल चालतच नाही. कुणाचाच नाही, अख्ख्या खोऱ्यात नाही. मी उगाच एक पाकीट आणि तिकीट वाया घालवलं, हस पोटभर.

आपली लेक दुर्बिणीवर इंजिनिअर आहे असं आपण सगळ्यांना सांगत फिरायचो. मला वाटायचं, दुर्बीण म्हणजे डोळा लावायची नळी, तुझ्या चष्म्यांच्या धंद्यातली. इथे येऊन बघते तर ती माझ्या धंद्यातली निघाली. तो कान आहे, ठोंब्या. पांढरा, उताणा, एवढा मोठा की आमच्या एक्स्चेंजची इमारत आत ठेवली तरी कडेनं फिरायला जागा उरेल. तो आकाशाकडे वळतो तेव्हा आवाज करत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रस्त्यातच उभी राहिले, आणि लेक पुढे बोलत गेली.

त्याला फार हलकं ऐकू येतं. खिशातला एक चालू मोबाइल म्हणजे त्याच्या कानाशी ओरडणं, म्हणून बंदी. लेकीच्या घरात फक्त तारेचा जुना फोन आहे, आणि मायक्रोवेव्ह लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

काल भर दुपारी तिने मला आतल्या खोलीत नेऊन स्पीकरवर एक तारा ऐकवला. विझलेला तारा, स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दर फेरीला एक ठोका देतो. टक, टक, टक. हा ठोका निघाला तेव्हा आपले पणजोबासुद्धा जन्मले नव्हते. इतकी वर्षं मध्ये कुणी लाइन तोडली नाही. मी नकळत उठून उभी राहिले, साहेब आल्यासारखी. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही.

लेक म्हणते, आता इथेच राहा. माझ्यासाठी खोली लावून ठेवलीय, खिडकीतून कान दिसतो. कायमचं राहायचं तर दहा मेच्या आत कागदांवर सही करायला हवी, नाहीतर बाराचं परतीचं तिकीट आहेच. मी अजून काही बोललेले नाही.

एक गोष्ट सलतेय. बोर्डावर असताना चारशे नंबर तोंडपाठ होते, आता एक आठवत नाही. सगळे त्या कार्डात गेले. याहून जास्त सांगत नाही. कोण कोणाशी बोलतं ते बाहेर काढायचं नाही, अशी आमची शिस्त होती.

जिव्हाळा आहे तसाच ठेव.
तुझी ताई


१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. तुझी शिस्त मोडली गेली, पण माझ्याकडून मोडली, त्यामुळे तुला दोष नाही.

कार्ड डबीत ठेवणारच होतो. पण टपालात मेलं की काय ते बघावं म्हणून तुझ्या भावजयीच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. मिनिटभर गेलं नसेल, वाजला. पलीकडे बेकरीवाला. त्याने विचारलं की ताईंना बरं नाही का, कारण आठ दिवस पावणेपाचला उठवायचा फोन आला नाही आणि दोनदा भट्टी उशिरा पेटली. घड्याळाच्या गजरानं तो उठत नाही म्हणे, तुझ्या आवाजानं उठतो, अकरा वर्षं. मग भूगोलाचे निवृत्त मास्तर. एकटे राहतात, तू रोज सातला उठलात का विचारतेस आणि ते उठलो म्हणतात, संपलं बोलणं. पण ते एक वाक्य बोलायचं असतं म्हणून दाढी करून बसतो, असं मला म्हणाले. मी काचा घासायचं चाक बंद केलं. नऊ वर्षं एका छपराखाली राहतोय आपण, आणि पहाटे दाराआड तू पुटपुटतेस ते स्तोत्र असावं असं मी धरून चाललो होतो.

तिसरा फोन साडेसातला. कुणी बोलेना, नुसते ठोके. चेष्टा समजून मी नाही नाही ते बोललो आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिव्या खाऊनही जो फोन करतो तो चेष्टा करत नसतो, एवढं कळायला मला दोन दिवस लागले. आता मी ऐकतो. ताई बरी आहे असं सांगितलं तर एक ठोका आला. कोण आहे हे? नंबर खाली लिहिलाय.

इथे तुझं काय अडलंय, असं मी तुला निघताना म्हणालो होतो. ते शब्द गिळतो. पण म्हणून ओझं बाळगून येऊ नकोस. बेकरीवाला आणि मास्तर मी सांभाळतोय. माझ्या आवाजाला बेकरीवाला दोनदा फोन केल्यावर उठतो, एवढाच फरक.

भावजयीचं आणि मुलीचं करून थकत असशील, जप. माया असू दे.
तुझा ठोंब्या


२७ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

मुलगी इथे एकटीच राहते आणि भावजय तुझ्याच घरात आहे, मी कुणाचं करून थकू? पत्र लिहिताना चाकावर बसू नकोस.

तू आता बोर्डावर बसलास म्हणजे आमच्यातलाच झालास, सांगायला हरकत नाही. ठोके देणारी माझ्या शेजारच्या खुर्चीवाली. एकतीस वर्षं माझा डावा कोपर तिच्या उजव्या कोपराला लागत होता. चार वर्षांपूर्वी अर्धांग झालं, वाचा गेली. सारं शहर जिच्या आवाजानं बोलायचं, तिची वाचा. अंगठीनं रिसीव्हरवर ठोकते. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. मी बोलते, ती ठोकते, रोज वीस मिनिटं. तिच्या फोनवर माझा नंबर एका बटणावर लावून दिलाय. तारा ऐकला तेव्हा मी कशाला रडले ते आता तुला कळेल.

डाकघरामागे निळ्या दाराची इमारत आहे, तळमजला. तिची भाची सकाळी कामाला जाते, किल्ली शेजारी असते. सव्वीस एप्रिलला तुझ्या घड्याळात सकाळी अकराला तिथे जाऊन बस आणि रिसीव्हर तिच्या कानाशी धर. पाहुण्यांसाठी ठेवलेला अर्धा तास लेकीनं मागून घेतलाय. मी आतल्या खोलीतून तारेच्या फोनवर तिला तारा ऐकवणार आहे. परदेशी फोन, महाग पडेल, पडू दे. आणि मी इथे राहावं का, हे मी तिलाच विचारणार आहे. तिनं हो म्हटलं तर सही करीन.

आशीर्वाद आणि नेहमीची काळजी.
तुझी ताई


२७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कालचं तू ऐकलंस, पण तुला दिसलं नाही ते लिहितो.

तुझा आवाज आला तेव्हा तिने डोळे मिटले. मग ठोके सुरू झाले, मलाही बाहेरून ऐकू येत होते. तू सांगत होतीस की हा तारा आहे, आणि तिचा चेहरा, ताई, मी चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, असे डोळे मी पाहिले नव्हते. पहिल्यांदा चष्मा लावून झाडाची पानं वेगळी दिसतात तेव्हा माणसं जरा अशी बघतात. थोड्या वेळानं तिची अंगठी ताऱ्याच्या तालात पडायला लागली. एक ठोका आकाशातून, एक तिचा. ते तूही ऐकलंस. मी पलंगाच्या कडेला टेकलो.

मग तू विचारलंस की मी इथेच राहू का. तुला एक ठोका ऐकू आला. इथे काय झालं ते ऐक. तीनदा तिने बोट उचललं आणि तीनदा खाली घेतलं. मग एकदा ठोकलं, चांगलं जोरात. आणि लगेच तो हात उशीखाली घालून वर डोकं दाबून ठेवलं, दुसरा ठोका चुकून पडू नये म्हणून. तू फोन ठेवलास तरी हात बाहेर काढेना. मी निघालो तेव्हाही हात तिथेच होता.

सांगावं की नाही ठरत नव्हतं. पण बोर्डावरच्या माणसानं निरोप अर्धा पोचवू नये.

कृपा असावी.
तुझा ठोंब्या


६ मे

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

कालच्या टपालानं तुझं पत्र आलं. कागद समोरच होते, पेनाचं टोपण काढलेलं होतं.

लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली की आई, जा, मी दर वर्षी येईन, आणि कपाटातून माझी बॅग तिनेच काढली. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तिला सोडणं जडही जातंय. तारा ऐकवला त्या दिवशी फोनवर आम्ही किती मिनिटं होतो ते मी मोजलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

बाराच्या विमानानं निघते, तेराला पोचते. कार्ड त्याच फोनमध्ये चालू राहू दे. हे पत्र माझ्यामागून पोचेल, म्हणून आज तारेचा फोन करून तुला हेच सांगेन, पण लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. चौदाला तिचा साडेसातचा फोन मी उचलणार नाही, मी तिच्या दारात असेन. तोवर तिला एवढाच निरोप दे, की आता हात उशीखालून काढ.

तुझी ताई