आमच्या रूमची सुरक्षाव्यवस्था

५ मार्च, गुरुवार
समोरच्या गल्लीत पोरांच्या रूमवरून लॅपटॉप गेले. आमची रूम कशी वाचेल? डिप्लोमाची आम्ही तीन पोरं अन् एक कडी, तीपण ढिली. देगलूरचा शिवकुमार लॅपटॉप चार्जिंगला लावतो, दार सताड उघडं टाकतो अन् मेसला जातो. मुदखेडचा सत्यम महिन्याभरापूर्वीच आलाय, त्याला लातूर काय चीज आहे ते अजून माहीत नाही. राहिलो मी. आजपासून सुरक्षाप्रमुख मीच. कुणी नेमलं नाही, पण नेमायची वाट बघणारे मागंच राहतात.

६ मार्च, शुक्रवार, दुपार
मॉक ड्रिल केलं. शिवकुमार नेहमीसारखा दार उघडं टाकून जेवायला गेला. त्याचा लॅपटॉप बॅगेसकट उचलला अन् गच्चीवरच्या रिकाम्या टाकीत ठेवला. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तोवर तिच्यात कोण डोकावतंय? तासभर घाबरवायचं, मग लेक्चर द्यायचं, मग परत करायचा. जन्माची अद्दल घडेल.

संध्याकाळ
ड्रिल जरा जास्तच यशस्वी झालं. शिवकुमार रडला. सबमिशनचा सगळा प्रोजेक्ट त्यातच हाय म्हणे. मी लेक्चरसाठी घसा खाकरला, तेवढ्यात त्यानं वडलांना फोन लावला. मग घरमालक धोंडप्पा आले, त्यांच्या मल्लम्मा काकू आल्या, शेजारचे आले. एवढ्या लोकांत गंमत केली म्हणून कसं सांगणार? गर्दी पांगली की सांगतो.

७ मार्च, शनिवार
गर्दी पांगली तोवर शिवकुमार झोपला होता. दुःखी माणसाला उठवू नये.
सकाळीच सत्यम बहिणीच्या साखरपुड्याला मुदखेडला गेला, मोठी बॅग घेऊन. बॅग केवढी होती ते धोंडप्पांनी हात पसरून दाखवलं. चोर घरातलाच हाय म्हणे. मी म्हणालो, असा एकदम कुणावर संशय घेऊ नये. स्वतःबद्दल लई बरं वाटलं. धोंडप्पा म्हणाले, मग तूच तपास कर. नाही म्हटलं असतं तर माझ्यावरच संशय आला असता.

८ मार्च, रविवार
सत्यम साखरपुड्याचे लाडू घेऊन आला. शिवकुमारनं हात लावला नाही. मी दोन खाल्ले, सत्यमला वाईट वाटू नये म्हणून.
संध्याकाळी धोंडप्पांनी देवापुढं शपथेचा बेल ठेवला. एकेकानं उचलून म्हणायचं, मी चोरी केली नाही. सत्यम बेल उचलताना अडखळला, ते सगळ्यांनी बघितलं. मी अडखळलो नाही. मी चोरी केलेलीच नाही, संरक्षण केलंय. जेवण मात्र गेलं नाही.
संकल्प: उद्या लॅपटॉप कॉटखाली ठेवणे अन् अरे, हा तर इथंच होता, असं म्हणणे.

९ मार्च, सोमवार
कॉटखाली सगळ्यांनी बघून झालंय. प्लॅन कॅन्सल.
मेसमध्ये सत्यमच्या शेजारी कुणी बसत नाही. मला ते बघवत नाही, म्हणून मी आधीच जेवून येतो.

१० मार्च, मंगळवार, सकाळ
नळ आला. पाप फेडायची आयती संधी. काकूंना म्हणालो, तुम्ही बसा. ड्रम, घागरी, बादल्या, सगळं एकट्यानं भरलं. मोटर लावून गच्चीवरच्या दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. काकू म्हणाल्या, पोटचं पोरगं करत न्हाई एवढं. मन एकदम हलकं झालं.

दुपार
टाकी.

११ मार्च, बुधवार
काल टाकीत कमरेपर्यंत वाकून बॅग काढत होतो, तेवढ्यात धोंडप्पा वर आले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायला तोंड उघडलं. पण ते तपास लागला, तपास लागला, असं सांगत खाली गेलेसुद्धा. काकूंनी येऊन माझ्या उघड्या तोंडात साखर घातली. शिवकुमार गळ्यात पडला. लॅपटॉप काही चालू होईना. सध्या काकूंच्या तांदळाच्या डब्यात आहे.
चोरानं भिऊन टाकीत टाकला असणार, असं ठरलं. चोर कोण म्हटल्यावर सगळे सत्यमकडे बघायला लागले. मीपण बघितलं. सगळे एकीकडे बघत असताना आपण दुसरीकडे बघणं बरं दिसत नाही.

१२ मार्च, गुरुवार
धोंडप्पांनी सत्यमला रूम सोडायला लावली. नांदेडला मावसभावाकडं राहतो म्हणाला, कॉलेजचं पुढं बघू. त्याची गादी मी उचलून स्टँडपर्यंत नेली. रस्ताभर ठरवत होतो, गाडी लागली की सांगायचं.
गाडी लागली. खिडकीतून त्यानंच सांगितलं. शुक्रवारी तो जिन्याखाली बूट काढत होता. मला बॅग घेऊन वर जाताना त्यानं बघितलं, अन् मोकळ्या हातानं उतरतानाही बघितलं. मग बेल उचलताना बघितलं. तू सांगशील म्हणून थांबलो, म्हणाला. आवाज चढवला नाही. मला त्याच्याकडं बघता आलं नाही, मी गाडीची पाटी वाचत उभा राहिलो.
रूमवर आलो तर धोंडप्पा दारात. नव्या कुलपाची किल्ली माझ्यापुढं धरली. भरवशाचं पोरगं आता तूच एक हायेस, म्हणे.
घेतली.