मागे बसलेल्याची पाठ

प्रिय अण्णा,

तुमचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुम्हाला जाऊन पावणेदोन वर्षं झाली, तो नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाला मिळालाही असेल, पण काढून टाकायला माझा हात धजत नाही. काल दुपारी शोरूममधून मोठी गाडी बाहेर पडली आणि माझा अंगठा आपोआप त्या नंबरावर गेला. सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगायचं होतं ना! मग फोन ठेवला आणि ठरवलं, लिहूनच कळवावं.

आपल्या शोरूममधली शेवटची मोठी गाडी गेली, अण्णा. पुढची पिढी यायची आहे, पण ती कुणी मागणी नोंदवली तरच मागवायची, काचेआड मांडून ठेवायची नाही, असं वरून कळवलंय. ती उभी असायची त्या गोल चौथऱ्यावर सोमवारी विजेवरची उंच गाडी येणार. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? मला वाटतं, हसला असता.

कंपनीनं तिला किती नावं दिली, किती आकडे आणि अक्षरं चिकटवली! आपल्या बनशंकरीच्या घरात मात्र ती नेहमी नुसती ‘मोठी गाडी’च होती. कंपनीची सगळ्यांत लांब, सगळ्यांत महाग, मागे बसणाऱ्यासाठी बनवलेली सेडान. दर सात-आठ वर्षांनी तिची नवी पिढी यायची आणि आमच्याकडे मुलांच्या परीक्षांइतकीच तिची चर्चा व्हायची.

पहिली मला अंधुक आठवते. चौकोनी, काळी, वजनदार. तेव्हा तुम्ही एका मिलमालकांकडे ड्रायव्हर होता. ती सिग्नलला थांबली की शेजारच्या रिक्षावाल्याची मान वळायची, पोलीस सरळ उभा राहायचा. तुम्हाला तिची नाडी इतकी कळायची, की मालक वारल्यावर शोरूमवाल्यांनीच तुम्हाला बोलावून घेतलं. आधी लोकांना फेरी मारून आणायला, मग विकायला. इंग्रजी जेमतेम, कोट भाड्याचा, आणि गिऱ्हाईक म्हणजे रेशीमवाले, कॉफीच्या मळ्यांचे मालक, मोठमोठे डॉक्टर! त्या काळी कुणी भाव विचारत नसे. कधी मिळेल, एवढंच विचारत. गाडी न्यायला अख्खं घर यायचं, चाकाखाली लिंबं ठेवायचं, नारळ फोडायचं.

तुमची पद्धत एकच. गिऱ्हाइकाला आधी मागे बसवायचं आणि स्वतः गाडी चालवायला घ्यायची. बोलायचं काही नाही. आरशातून बघत राहायचं. “गाडी पुढून चालते गं वैजू, पण विकली जाते मागच्या सीटवर,” तुम्ही म्हणायचात. मला तेव्हा ही विक्रीची युक्ती वाटायची.

मग दुसरी पिढी आली. आठवतं ना? नाही कसं आठवणार! कंपनीला वाटलं, गाडी तरुण दिसायला हवी. छप्पर मागे उतरतं केलं, चाकं मोठी केली, चाल कडक झाली. आणि त्याच वर्षी तोच चेहरा, तीच जाळी, तेच दिवे आपल्या छोट्या गाड्यांनाही लावले. जयनगरचे एक डॉक्टर चिडून म्हणाले होते, “माझ्या ज्युनिअरच्या गाडीचं नाक माझ्याच गाडीसारखं! मग माझ्या गाडीत विशेष काय राहिलं?” विक्री घसरली, तसा काचेवर सवलतीचा फलक लागला. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. “सूट मिळाली की लोक गाडी घेतात,” म्हणालात, “पण वळून बघत नाहीत.”

त्याच दिवसांत राजशेखर सार आले. रेशमाचे व्यापारी, पहिल्या पिढीची मोठी गाडी तुमच्याकडूनच घेतलेली. ती देऊन नवी न्यायची होती. तो सौदा झाला तर तुम्ही विक्रीप्रमुख होणार, हे ठरल्यासारखं होतं. आईनं शेजारच्या अक्कांना सांगूनसुद्धा टाकलं होतं.

तुम्ही त्यांना मागे बसवलंत, फेरी मारून आणलंत आणि दार उघडून म्हणालात, “बेडा सार.” नको साहेब. “तुमची कंबर हिला सोसणार नाही. तुमचं डोकं छपराला लागतंय, खड्ड्यात तुम्ही दात आवळता. आहे तीच ठेवा, मी नीट करून देतो.”

मॅनेजर मागेच उभा होता! विक्रीप्रमुख दुसराच कुणी झाला. तुमची बदली मागच्या अंगणात झाली, जुन्या गाड्यांच्या विभागात. पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं.

आणि मी? मी कॉलेजात होते, मैत्रिणींना ‘माझे वडील विक्रीप्रमुख’ असं सांगून बसले होते. तुम्ही हे सगळं शांतपणे पोळीचा तुकडा मोडत सांगितलंत आणि मी ओरडले, “एवढी वर्षं कोट घालून शेवटी तुम्ही ड्रायव्हरच राहिलात!”

आईच्या हातातलं भांडं थांबलं. तुम्ही वर बघितलंत. रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, “हो गं. मागे बसलेल्याची पाठ ड्रायव्हरलाच कळते.” आणि ताक मागितलंत.

आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. नंतर बोलायला लागले, पण त्या वाक्याबद्दल कधीच नाही. तुम्हीही तो विषय काढला नाहीत. का काढला नाहीत, अण्णा? एकदा तरी म्हणायचं होतं, ‘लागलं मला ते.’ मी लगेच पाया पडले असते. तुम्ही मला माफी मागायची संधीच दिली नाहीत, हे माझं तुमच्याबद्दलचं एक गाऱ्हाणं.

तिसऱ्या पिढीत कंपनीला शहाणपण आलं. छप्पर वर गेलं, चाल मऊ झाली, तुम्हाला शेडमधून आत बोलावलं. मी शोरूममध्ये लागले तेही त्याच सुमारास. सगळ्यांत चांगली गाडी तीच, असं तुम्ही निवृत्त होईपर्यंत म्हणत होता. पण तेव्हा हॉटेलांनी ती रांगेनं घेतली, विमानतळावरून पाहुणे आणायला. आकडा वाढला, आम्ही पेढे वाटले. आणि तुम्ही हळूच म्हणालात, “आता ही घराची राहिली नाही, हॉटेलची झाली.” खरंच तसं झालं. घरातली माणसं बघता बघता उंच गाड्यांकडे वळली. चौथ्या पिढीत तर टीव्हीसारखे पडदेच पडदे आले, दारं बोट लावताच मिटायला लागली, पण विचारणारं कोण? इलेक्ट्रॉनिक सिटीतून टी-शर्ट घालून येणारी मुलं स्वतःच गाडी चालवतात. मागे बसायचं कशाला? तुम्ही गॅलरीतून रस्त्याकडे बघत म्हणाला होता, “पूर्वी मोठेपण लांबीत मोजायचे, आता उंचीत मोजतात.” किती सहज म्हणालात! आयुष्य त्या गाडीत गेलेल्या माणसाचा जरासुद्धा कडवटपणा नव्हता त्यात.

आता कालची हकीकत सांगते.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या इंदिरानगरच्या शोरूममध्ये एक मुलगी आईला घेऊन आली. तिचं नाव मेघना. येतानाच म्हणाली, “आमच्या अज्जांनी सांगून ठेवलंय, गाडी घ्यायची तर याच लोकांकडून.” अर्जात ‘कुणी सुचवलं’ या रकान्यात अज्जांचं नाव बघितलं आणि मी चमकले. राजशेखर सारांची नात! तिची आई म्हणजे त्यांची सून. मी मात्र काही बोलले नाही. तुमच्या पुण्याईवर सौदा करणं बरं दिसलं नसतं.

मेघनाला विजेवरची उंच गाडी हवी होती. मॅनेजरनं मला डोळ्यानं खुणावलं. ती खपवायचाच यंदा सगळा जोर आहे. फेरीला मेघना चालवत होती, मी शेजारी, अम्मा मागे. मेघना खूश! मी सवयीनं मागे बघितलं. अम्मांचे डोळे मिटलेले, हात वरच्या मुठीला घट्ट, कपाळावर घाम.

“अम्मा, गाडी लागते का तुम्हाला?”

“नाही, सरी आहे, ठीक आहे,” त्या पुटपुटल्या. सरी कसलं आणि काय! उतरल्यावर खुर्चीत बसल्या तेव्हा कळलं, त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. परतताना गळून गेलेल्या असतात, उलटी येते. गाडी मुख्यतः त्यासाठीच घ्यायची होती.

मी मेघनाला म्हणाले, “ही नका घेऊ. एक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही आपोआप ब्रेक लागल्यासारखी थांबते, वळणावर झुलते. अम्मांना सोसणार नाही. त्यांच्यासाठी ती चौथऱ्यावरची घ्या.”

तिनं मोठ्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ती? ही पिढी तर बंद होतेय ना? संपत आलेला माल आमच्या गळ्यात मारताय का, मॅडम?”

अण्णा, तुम्ही खरं बोललात तेव्हा निदान ते खरं वाटलं तरी होतं! माझं खरं तर चक्क फसवणुकीसारखं दिसत होतं. कानशिलं तापली. म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. पुन्हा विकायला गेलात तर हिला भावही येणार नाही, तेही सांगते. पण गुरुवारी अम्मांना आणायला मी येते, ही गाडी घेऊन. नंतर ठरवा.”

मॅनेजर भडकला. “वैजयंती, नवी विकायची सोडून जुनी काय घेऊन बसलीस? शनिवारी ती हॉटेलवाल्यांना जायचीय!” मी एक दिवस मागून घेतला.

गुरुवारी इस्पितळाच्या दाराशी गाडी लावली. अम्मांना बसताना स्वल्प खाली वाकावं लागलं, मेघनानं आधार दिला. मी मागची सीट कलती केली, पायाखालचा आधार वर घेतला आणि निघाले. तुम्ही शिकवलं होतं तसं. गतिरोधक यायच्या आधी वेग इतका हळू सोडायचा की मागच्याला तो कळताच कामा नये. चार चौक गेले. आरशात बघितलं. अम्मा झोपल्या होत्या! तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. मेघना त्यांच्याकडे एकटक बघत होती. म्हणाली, “गेल्या वर्षभरात परत येताना ती एकदाही झोपली नव्हती.”

त्या क्षणी मला तुमची गाडी कळली, अण्णा. मान होता तोपर्यंत सगळे मानासाठी घेत होते. मान उंच गाडीकडे गेला, आणि मग उरलं ते हे. थकलेल्या माणसाला न हलवता घरी पोचवणं. तुम्ही पहिल्या दिवसापासून हेच विकत होता का?

घरी पोचल्यावर अम्मा जाग्या झाल्या. उतरताना माझा हात धरून म्हणाल्या, “एवढी छान गाडी चालवायला कुणी शिकवलं गं तुला?”

“माझ्या वडिलांनी,” मी म्हणाले. “ते ड्रायव्हर होते.”

बोलून गेले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं. मग बाकीचंही सांगितलं. मिलमालक, शोरूम, त्यांचे सासरे.

अम्मा बघतच राहिल्या. “बेडा सार? तू बेडा सारांची मुलगी?” आणि एवढ्या अशक्तपणातही खळखळून हसल्या. तुम्हाला माहीत होतं का, त्या घरात तुमचं नावच ‘बेडा सार’ पडलं होतं? अज्जांनी ती जुनी गाडी शेवटपर्यंत वापरली. घरात कुणी नको ती खरेदी करायला निघालं की ते म्हणायचे, “थांबा, बेडा सारांना विचारून येतो!” एवढा मान तर विक्रीप्रमुखाच्या खुर्चीलाही मिळाला नसता, अण्णा.

मेघनानं शुक्रवारीच पैसे भरले, आणि काल त्या दोघी गाडी न्यायला आल्या. कुणी थांबून बघितलं नाही, रस्त्यावरच्या एकाचीही मान वळली नाही. अम्मा मागे बसल्या, मी दार लावलं, आणि गाडी आवाज न करता निघून गेली.

अण्णा, तुम्ही मला गाडी दिली नाहीत, हात दिलेत. त्या दिवशीच्या माझ्या शब्दांची माफी मागते. उशीर झालाय, पण मागते. आणि तुम्ही खरोखर ड्रायव्हरच राहिलात, याबद्दल आभार मानते.

आता एक शेवटचं, जरा रागावूनच. एवढ्या वर्षांत तुम्ही आईला या गाड्यांत एकदाही बसवलं नाहीत. “शोरूमची गाडी घरच्यांसाठी नाही,” हा तुमचा नियम. तिनं कधी मागितलं नाही, म्हणून काय तिला वाटलं नसेल? सोमवारी विजेवरची उंच गाडी आली की ती विकण्याआधी मी स्वतः आठवडाभर चालवून बघणार आहे. त्यात आईला बनशंकरीच्या देवळात नेण्याची रीतसर लेखी परवानगी मी मॅनेजरकडून घेतली आहे, म्हणजे तुमचा नियमही मोडला नाही. आईला सांगितलं तर म्हणते, “मागे एकटी बसून मी काय करू? मी तुझ्याजवळ पुढेच बसणार.”

बसवीन, अण्णा. पुढेच बसवीन. आणि तिनं कितीही वेळा ‘हळू गं’ म्हटलं, तरी तितक्या वेळा आणखी हळू चालवीन, हे वचन.

तुमची,
वैजू