बाबांवरचा दगड

शाँ, फोगू बेट
३ जुलै १९९६

प्रिय झुल्मिरा,

दादाचे आशीर्वाद, आणि पोरांना गोड पापे. इकडे आम्ही आहोत तसेच आहोत. द्राक्षं यंदा बरी धरलीत, शेळीला दोन पिल्लं झाली. तू अमेरिकेतून धाडलेले बूट मला बरोबर होतात, पण ते घालून जायचं कुठं?

आईच्या कबरीचा फोटो तू दोनदा मागितलास, आणि दोन्ही वेळा मी शेळ्यांचं पुराण लावलं. आता ऐक.

गेल्या साली डोंगर फुटला, लाव्हा आला, तेव्हा आपलं कबरस्तान त्याखाली गेलं. बाबांची कबरही गेली. आई म्हणायची, "त्यांना थंडी फार. बरं पांघरूण मिळालं." पण तिची जागा बाबांशेजारी, हे ठरलेलंच होतं. दगड निवला की खणू, असं तेओफिलू गवंडी म्हणाला होता. वरून तर निवलाच होता; शेळ्या त्यावर खुशाल बसायच्या.

आई गेली त्या सकाळी आम्ही पहारी घेऊन गेलो. वरचा थर घाईनं निवलेला, सगळा भोकाभोकांचा, पटापट फुटला. मला वेड्याला वाटलं, जमलं! कमरेइतकं खाली गेलो आणि पहार उसळून परत आली. आतला दगड अजून सावकाश निवतोय, म्हणून घट्ट, काळा, एकजीव. पाणी ओतलं तर चर्र झालं, वाफ तोंडावर आली.

"अर्लिंदू, पुरे आता," तेओफिलू म्हणाला. "म्हातारीला पुरायचंय की शिजवायचंय?"

कोणी हसलं नाही. मग तोच हुंदके देऊन रडायला लागला.

ऊन चढत होतं, तिला ठेवता येईना. ट्रकमधून खाली साँ फिलिपला नेली. तिथं समुद्राकाठी, परक्या माणसांत पुरली. तू अमेरिकेला गेल्यापासून "समुद्रानं माझी पोर नेली" म्हणून जी त्याच्याकडं कधी बघायचीसुद्धा नाही, तिला.

आणखी एक सांगायचं राहिलंय. जायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "निवला का रे?"

मी म्हटलं, "निवला, आई."

तिनं माझा हात थोपटला. "मग मला कसली भीती नाही," म्हणाली.

आता कशातच जीव लागत नाही, झुल्मिरा. रोज सकाळी जातो, त्या खड्ड्यात उतरून दगडाला हात लावतो. अजून पोळतो. फोटो पाठवत नाही. पुरलं त्या दिवसानंतर आईच्या कबरीला मी पुन्हा गेलेलो नाही. तिनं तिथंही तेच विचारलं तर?

तिनं ज्याचं खरं मानलं तो,
तुझा दादा
अर्लिंदू