पहिला घास, दहावा घास

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळचे सात

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय बरी आहे. माझ्या दातांच्या दवाखान्यात नवी खुर्ची आलीय, जुनीपेक्षा जास्त कुरकुरते. बघ, मुद्द्यावर यायचं तर किती आढेवेढे घेतोय मी!

दोन महिने तू फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे तुझं. त्या दिवशी जेवताना तू अर्धं ताट तसंच सारलंस आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताईसाहेबांना घास चावून द्यायला एक माणूस ठेवा आता." सगळे हसले. तू हात धुतलेस आणि निघून गेलीस.

त्याच्या आठवडाभर आधी माझ्या खुर्चीत बसून तू नीट सांगितलं होतंस. "पहिल्या घासाला काही होत नाही रे. दहाव्या घासाला जबडा भरून येतो. थांबले की बरं वाटतं." मी तुझ्या कानापुढे बोट ठेवलं, तोंड उघड-मीट करायला लावलं आणि ठोकून दिलं की सांधा झिजलाय, मधली चकती सरकलीय, या वयात चालायचंच. चकती जागेवर होती, ताई. साधा कट्‌ आवाजही येत नव्हता. तरी चावा जुळवायच्या नावाखाली मी तुझी चांगली दाढ घासली.

आणि हेच मी दरवर्षी विद्यार्थ्यांना घसा फोडून शिकवतो! बिघडलेला सांधा पहिल्या घासालाच बोंब मारतो. चावता चावता दमतात ते स्नायू, एक गालातला जाड आणि एक कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला. त्यांना रक्त पुरत नसतं. उतारवयात असं झालं तर कानशिलाची रक्तवाहिनी सुजलीय का ते बघायचं, आणि विचारायचं, केस विंचरताना दुखतं का?

तू न विचारताच सांगितलंस. "फणी लागली तरी जीव जातो." मी ऐकलं होतं, ताई. ऐकून "तेल लाव" म्हणालो, कारण बाहेर पेशंट खोळंबले होते. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

काल संध्याकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. सुई ओवताना तुझ्या उजव्या डोळ्यापुढे पडदा आला आणि दहा मिनिटांनी गेला म्हणे. "मामाला सांगू नकोस, चार लोकांत हसेल," असं म्हणालीस तिला. ताई, तीच सूज डोळ्याचं रक्त तोडते. पडदा पुन्हा आला तर कदाचित जाणार नाही, आणि दुसरा डोळाही मागोमाग जाऊ शकतो. आज औषध सुरू झालं तर वाचवता येईल. उद्याचं मला सांगता येत नाही. मला फार भीती वाटतेय.

मला तू दार उघडणार नाहीस, म्हणून हे पत्र देऊन दवाखान्यातल्या बाईंना वर पाठवतोय. मी खाली गाडीत आहे. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर वाट बघताहेत. मागच्या सीटवर बस, रस्ताभर शिव्या घाल, नाहीतर एक शब्द बोलू नकोस. पण ये.

आणि बाई, "चष्मा सापडत नाही, तुम्हीच वाचा" असं म्हणून ताईनं हे पत्र तुमच्याच हाती दिलं असेल, आणि इथवर तुम्हीच वाचत आला असाल, तर आता वाचणं पुरे. तिचा हात घट्ट धरा आणि पायऱ्या सांगत सांगत खाली आणा.

तिचा अपराधी,
धाकटा