अण्णा गप्प का राहिला

प्रिय भरमा,

सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. एकदा दूध उतू गेलं, एकदा फाटकाची कडी लागली आहे का ते उगाच बघून आले. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेत आणि मी आत भाजी निवडते आहे असं त्यांना वाटतंय. वीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला चार ओळी एवढ्या जड जाव्यात! तुला 'प्रिय' म्हणायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पत्र पुरं वाचलंस की तूच ठरव.

आप्पा सदलग्याला बैल बघायला गेले आणि बैलाऐवजी तुला घेऊन आले, हे येळ्ळुरात अजून सांगतात. तू आठ वर्षांचा, मी सहाची. तुझी आई तंबाखूच्या रानात मजुरी करायची आणि तिच्यामागं तुझं कुणी नव्हतं, एवढंच त्यांनी आईला सांगितलं. तुला मराठीचा एक शब्द येत नव्हता. 'नीरु, नीरु' करत राहिलास आणि तुला पाणी हवंय हे मला कळेना, म्हणून मी तुझ्यापुढं गूळ, भात, चिंच, काय काय आणून ठेवलं. माझा थोरला भाऊ, चौदा वर्षांचा अण्णा, मात्र दारात उभा राहून नुसता बघत होता. आप्पांनी त्याच्या अंथरुणाशेजारी तुझं अंथरूण घातलं आणि त्या दिवसापासून त्यानं तुला वैरी मानलं. पुढं आप्पा शेतावरून येताना आधी तुला हाक मारायला लागले. ते त्याला कधी सोसलं नाही. आज वाटतं, तेव्हा त्याच्याही पाठीवरून कुणी हात फिरवायला हवा होता.

आप्पा गेले आणि पंधराव्या दिवशी अण्णानं तुझं दप्तर माळ्यावर फेकलं. दहावीचं वर्ष होतं तुझं. अंथरूण गोठ्यात गेलं, ताट वेगळं झालं, ते जर्मनचं, काठ चेपलेलं. आई पदराआडून भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची, तोही एकदा त्यानं बघितला आणि ताट म्हशीपुढं उलटं केलं. तू ताट उचलून घासून ठेवलंस. तुझं ते न बोलणं मला मारापेक्षा भयंकर वाटायचं. माझ्याशी मात्र बोलायचास, राजहंसगडाच्या उतारावर शेळ्या सोडल्या की कन्नडात, भरभरून. मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत मला दुसरं कुणी माणूसच दिसलं नव्हतं, भरमा. हे खरं आहे. पुढं जे लिहिणार आहे ते वाचतानाही हे खरंच धर.

कोल्हापूरला पळून जायचं आपलं ठरलं होतं. शुक्रवारची सकाळची एस.टी. त्याच आठवड्यात शहरातून, खासबागेतून, वकिलांचं स्थळ आलं होतं, ह्यांचंच. गुरुवारी काय झालं ते तुला मी कशाला सांगू? अण्णानं तुला खळ्यातल्या मधल्या खांबाला, तिवड्याला, बांधलं. मेंढ्या कातरायच्या कात्रीनं तुझे केस कापले, भुवयासुद्धा. गल्लीतली माणसं बोलावून दाखवली. भर उन्हात दिवेलागणीपर्यंत तू उभा होतास. मी खिडकीत होते. तू दोनदा माझ्याकडं बघितलंस. मी बाहेर आले नाही. अण्णानं कोंडून ठेवलं म्हणून, असं तू समजलास आणि मी तुला तसं समजू दिलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

पुढची आठ वर्षं तुझा पत्ता नव्हता. मग निपाणीत तुझी तंबाखूची वखार आहे असं कळलं, तुझं लग्न झालं, बायको गेली, एक मुलगा आहे असंही कळत गेलं. अण्णाच्या शेताला लागून तू जमीन घेतलीस आणि तिथं काहीही न पेरता नुसतं कुंपण घातलंस, तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. उलट गेल्या वर्षी तू स्वतः अण्णाच्या लेकीला, रचनाला, तुझ्या आदर्शसाठी मागणी घातलीस तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. पोरांचं आधीच एकमेकांवर मन बसलं होतं. अण्णा लहान मुलासारखा रडला. 'मालू, भरमानं मला पदरात घेतलं गं,' म्हणाला.

साखरपुड्याला चारशे माणूस होतं. रचना हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. तू उठलास. आवाज चढवला नाहीस. 'ह्या घरात मला म्हशीसंगं जेवाय घातलंय. ह्या घरची पोरगी मी न्हेत न्हाय,' म्हणालास आणि आदर्शचा दंड धरलास. जाता जाता अण्णापुढं थांबून विचारलंस, 'आमी जाणार हाय हे तुला कुणी सांगितलं हुतं त्या दिवशी? एवढं तरी बोल की रं.' अण्णानं फेट्याला हात लावला. बायकांच्या घोळक्यात मी उभी होते, तिकडं त्यानं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तू निघून गेलास. तो तिथंच खाली बसला, तो आजतागायत धड उठलेला नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. रचना त्याला पेज भरवते आणि रडायचं तेवढं मोरीत जाऊन रडते.

परवा आदर्श माझ्याकडं आला होता. गालफडं बसलीत पोराची. म्हणाला, 'काकू, मी लगीन करणार. पण बाबा म्हणत्यात, आण तिला, मला जसं जेवाय घातलं तसंच तिला घालतो. वखारीमागची खोली झाडून घेतलीया त्यांनी.' हे सांगताना त्याला तुझी लाज वाटत होती. रचनाला हे ठाऊक आहे आणि तरी ती तयार आहे. 'आत्या, मी सोसीन,' म्हणते. मला ते ऐकवत नाही. तू सोसलंस त्याचं पुढं काय झालं, ते मी बघते आहे.

आता उठायचं नाही असं ठरवून लिहिते. आपण जाणार हे अण्णाला मी सांगितलं होतं. बुधवारी संध्याकाळी, चुलीपुढं. मला भीती वाटली, आईचं तोंड दिसायला लागलं, हे सगळं आहेच. पण मला वकिलांचं घरही हवं होतं, नळाचं पाणी आणि कॉलेज हवं होतं, आणि तुला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. अण्णा एरवी माझ्याशी एवढं बोलायचा नाही, त्याचंच मला तेव्हा दडपण आलं. त्यानं विचारलं, 'त्यो तुला बळजबरीनं न्हेतोय काय?' आणि मी 'हां' म्हटलं. त्या एका 'हां'साठी त्यानं तुला बांधलं. त्याचा क्रूरपणा त्याचा होता, तो मी धुऊन काढत नाही. पण आपला संसार मांडायच्या आधीच मोडणारी मी होते, आणि तीस वर्षं त्यानं बहिणीचं नाव कुणापुढं काढलं नाही. चारशे माणसांत अब्रू जात असतानासुद्धा नाही. सोमवारी अकरा वाजता पोरं लग्नाची नोंदणी करणार आहेत, साक्षीला मी सही करणार आहे. त्याआधी, आज दुपारी, ह्यांना हे सगळं सांगणार आहे, म्हणजे तुला माझ्या घरी येऊन जे बोलायचं ते मोकळेपणानं बोलता येईल. वखारीमागची ती खोली रचनासाठी नको उघडूस. सूड घ्यायचाच तर माझ्यावर घे, तिच्यावर नको. मी खासबागेत घरीच आहे. ये, आणि मला विचार.

तुझी म्हणवून घ्यायला घाबरलेली,
मालू