लेसचे बूट

४ फेब्रुवारी

आज अख्खं अंडं खाल्लं! उकडलेलं, चहाच्या चमच्यानं कोरून कोरून. एकेक घास चावून पार पातळ करायचा, मग गिळायचा, मध्ये पाण्याचा घोट नाही. ही समोर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, अंडं आहे की हाडूक?"

ऑपरेशनला चार महिने झाले. पोट कापून वाटीएवढं केलंय. पूर्वी मी सहा अंडी चहा येईपर्यंत संपवायचो आणि मग न्याहारी कुठाय म्हणून विचारायचो.

आहारवाल्या बाई म्हणाल्या, रोज खाल्लेलं लिहून ठेवा. खाल्लेलं एका ओळीत संपतं. उरलेलं पान कोरं ठेवायला जीव होत नाही, म्हणून हे बाकीचं.

७ फेब्रुवारी

खाल्लं: दही, अर्धं केळं, कोंबडीचं सूप.

बाईंचा नवा हुकूम — लिफ्ट बंद, जिने चढा. म्हटलं, बाई, माझा धंदाच लिफ्टचा आहे. "म्हणूनच सांगतेय," म्हणाल्या. जिभेला धार आहे बाईंच्या. आवडतात मला.

चौदाव्या वर्षी लिफ्टच्या रुळांना ग्रीस चोपडायला लागलो. त्या ग्रीसच्या डब्यावरून आज शहरातल्या निम्म्या लिफ्टा माझ्याकडे देखभालीला. शिक्षण नाही, पण कान आहे. लिफ्टमध्ये डोळे मिटून एक फेरी मारायची आणि सांगायचं — डावा रूळ कोरडा पडलाय, ब्रेकची पट्टी झिजलीय. पोरं मशीन खोलतात तर तेच निघतं. लोकांना वाटतं जादू आहे. जादू कसली, पोटाची भीती होती. चुकलो असतो तर हाकलला असता.

लोक दोर तुटायला घाबरतात. दोर एक नसतो, पाच-सहा असतात, आणि आमच्या जन्मात कुणी तुटलेले बघितले नाहीत. घाबरायचं ते वरच्या मोठ्या पुलीच्या दांड्याला. तो मोडला तर ब्रेक नुसत्या मोटारीला धरून बसतो आणि पुली मोकळी फिरते! मग पेटी खाली जाते नाहीतर वर जाऊन आदळते. पण दांडा बिचारा सभ्य असतो. आधी बरेच दिवस खर्र... खर्र... करून सांगत राहतो. ऐकणारा पाहिजे फक्त.

११ फेब्रुवारी

डॉक्टरांच्या इमारतीत गेलो. आहारवाल्या बाई तिथंच चौथ्या मजल्यावर बसतात आणि तिथली लिफ्टही माझ्याकडेच. म्हणजे मी त्यांचं गिऱ्हाईक आणि त्या माझं. दारात आमचा म्हातारा लिफ्टमन स्टुलावर, कानाला रेडिओ. येईल त्याला "चला राजे" म्हणतो म्हणून आम्ही त्यालाच राजे म्हणतो. मला म्हणाला, "कुठला मजला, राजे?" अरे, मी! मालक! डोळे बारीक करून बघत राहिला. मग रेडिओच बंद केला. "अर्धे कुठं ठेवून आलात, शेठ?"

जिन्यात वर दोघी बोलत होत्या. पूर्वी मी दोन मजले खाली असलो तरी जिना सांगायचा. आता पाय वाजत नाहीत.

"लिफ्टवाल्या शेठला बघितलंस? चेहरा पार उतरलाय."

"ऑपरेशन म्हणतात, पण मला नाही वाटत. मोठं काहीतरी असणार. घरचे सांगत नसतील."

शेजारून गेलो तर नमस्कार केला दोघींनी. काय ती सहानुभूती! अर्धा जिना मेल्यासारखंच वाटत होतं.

१५ फेब्रुवारी

लेसचे बूट घेतले! पोटामुळं गेली कित्येक वर्षं पाय दिसत नव्हते, बांधायचे कुठले? नुसते सरकवायचे बूट, तेही हिनं समोर ठेवायचे. आज दुकानात वाकलो, दोन्ही पायांच्या गाठी मारल्या, वर बघितलं तर ही रुमाल शोधत होती. "धूळ फार आहे हो इथं," म्हणाली.

२० फेब्रुवारी

जिन्यात कुणीतरी मागून येत होतं. अगदी मानेजवळ श्वास. मी थांबलो की तो थांबायचा नाही, चालूच. बाजूला झालो, म्हटलं जाऊ दे याला पुढं. मागं वळलो.

कोणी नाही.

२१ फेब्रुवारी

आज घरीही. जेवताना. ही बोलतेय आणि तिच्या शब्दांवर कुणीतरी श्वास टाकतंय — आत, बाहेर, आत, बाहेर. माझा स्वतःचा आवाज डोक्यात मडक्यात बोलल्यासारखा घुमतो, म्हणून हळू बोलतो. ही म्हणते, "काय कुजबुजताय? चोरी केलीय का?"

सांगितलं नाही. आधीच माझी गळणारी केसं मोजत असते.

२४ फेब्रुवारी

आज नाक कापलं गेलं.

कापडवाल्याच्या दुकानातली लिफ्ट. डोळे मिटून फेरी मारली आणि — खर्र... खर्र... म्हटलं, दांडा! लिफ्ट तिथल्या तिथं बंद केली. बारक्याला पोरं घेऊन बोलावलं. बारक्या म्हणजे माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. माझ्या हाताखाली तयार झाला, आता सगळं काम तोच बघतो. ऐन गर्दीचा दिवस, गिऱ्हाइकं जिन्यानं धापा टाकत चढतायत आणि आम्ही वर अख्खं मशीन खोलून बसलोय. दांडा काढला. नव्यासारखा! बेअरिंग गुळगुळीत.

कापडवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, खात जा काहीतरी. भुकेनं भास होतात." पोरं हसली. बारक्या नाही हसला, ते जास्त लागलं.

२७ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. भूतबीत नाही! ऐकू येतो तो श्वास माझाच. नाकामागून कानात एक नळी जाते, ती एरवी मिटलेली असते. तिच्या भोवती चरबी असते. वजन झपाट्यानं उतरलं की ती चरबीही जाते आणि नळी उघडीच राहते. मग स्वतःचा श्वास, स्वतःचा आवाज, सगळं थेट कानावर.

"म्हणजे दार नीट लागत नाहीये," मी म्हटलं.

"बरोबर. वजन एका जागी थांबलं की बहुतेक लागेल आपोआप."

आणि खात्री कशी करायची? त्यांनी मला खुर्चीत वाकायला लावलं, डोकं पार गुडघ्यांत. आणि काय सांगू! शांत! पंख्याचा आवाज पंख्याएवढा, बाहेरच्या पोराचं रडणं बाहेर. "मान खाली गेली की नळी मिटते. तुमचा आवाज असेल तर तेवढ्यात जाईल," म्हणाले. वर आलो — पुन्हा तोच पाहुणा, आत, बाहेर.

घरी येऊन हिला सगळं सांगून टाकलं. आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "डोकं खाली घालून बसलात की माझं तरी ऐकू येईल."

४ मार्च

खाल्लं: मासा, दोन चमचे भात. श्वास चालू. (दोन्ही अर्थानं देवाची कृपा.)

९ मार्च

वजन करायला बाईंकडे. जिन्यानंच. तिसऱ्या मजल्याशी आलो तेव्हा शेजारून लिफ्ट वर गेली. खर्र... खर्र... खर्र...

पाय थांबले. मग माझं मलाच हसू आलं. धाप लागलेली, कानाचं दार सताड उघडं, दुसरं काय ऐकू येणार? डोकं खाली घालून बघावं असं मनात आलं होतं. पण वरून कुणी डॉक्टरीणबाई उतरत होत्या, खालून दोन पेशंट. तेवढ्यांसमोर जिन्यात कोंबडा होऊन उभा राहू? कापडवाल्यानं आधीच गावभर केलंय.

खाली राजे म्हणाला, "आजकाल तिसऱ्याला जरा थबकते, राजे."

"म्हातारी झालीय. तुझ्यासारखी."

"मग पेन्शन द्या दोघांना," म्हणाला आणि रेडिओ लावला.

१३ मार्च

बारक्याशी वाजलं. लिफ्ट तिसऱ्याला थबकते हे राजेनं त्याच्याही कानावर घातलेलं. वर जाऊन बघून आला. "दाजी, बाहेरून ठीक दिसतंय. पण खोलल्याशिवाय काही सांगता यायचं नाही. एक दिवस लिफ्ट बंद ठेवू."

"तुला आवाज येतो?"

"मला कधी आलाय? तुम्ही सांगायचं आणि मी खोलायचं, हेच केलं आजवर. तुम्हाला येतो का ते सांगा."

आता काय सांगू? येतो. कापडवाल्याकडेही आला होता. अंघोळीला बसलो तरी येतो. म्हटलं, "तो माझ्या कानात आहे, लिफ्टमध्ये नाही. म्हातारी माणसं येतात तिथं, गरोदर बाया येतात. माझ्या कानापायी त्यांना दिवसभर जिने चढायला लावू? राहू दे."

"दाजी, तुम्ही आजवर कधी 'राहू दे' म्हणाला नाहीत."

"आजवर मी कधी अर्धाही नव्हतो," मी म्हटलं. हसला नाही. पाने उचलले आणि गेला.

१८ मार्च

नातेवाइकाच्या घरी केक. एवढासा तुकडा, जिभेच्या टोकावर. अर्ध्या तासात दरदरून घाम, छाती धडधडतेय, हात कापतायत. त्यांच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बाई म्हणाल्या होत्या गोड झेपणार नाही. बाहेर माझ्याबद्दलच चाललेलं. "बघवत नाही हो. काय माणूस होता."

होता!

लिफ्टच्या मागं वजन लटकवलेलं असतं, पेटीला तोलून धरणारं. आपल्याला वाटतं पेटी मोटार ओढते. खरं तर तोलावरच सगळं चालतं. माझं मागचं वजन काढून घेतलंय आणि अजून कुणी मोटारीला सांगितलेलं नाही, तसं काहीतरी झालंय.

२२ मार्च

खाल्लं: अंडं, पनीर, पपई. बाई खूश. म्हणाल्या, वजन स्थिर व्हायला लागलंय, चेहऱ्यावर तेज आलंय. जाताना माझे बूटही बघितले! "लेसचे? वा!"

म्हणून उतरताना जरा तोऱ्यात होतो. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर डाव्या बुटाची लेस सुटली. जिन्यात चिटपाखरू नव्हतं. पायरीवर बसलो, पार वाकलो, कपाळ गुडघ्याला टेकलं — टेकतं आता! — आणि निवांत, दुहेरी गाठ मारली. कुणाला सांगून कळणार नाही त्यात काय सुख असतं. शेजारून लिफ्ट वर गेली. खर्र... खर्र... नेहमीचीच. असो. बाई म्हणतात तसं वजन थांबलं तर हेही जाईल.

संध्याकाळी ही म्हणाली, "उद्या सकाळी आईला घेऊन जाते हाडांच्या डॉक्टरांकडे. पाचवा मजला आहे. तिचे गुडघे असे, एक पायरी चढायची नाही. लिफ्ट चालू आहे ना हो तिथली?"

म्हटलं, "माझी लिफ्ट आहे."

"म्हणूनच विचारलं," म्हणाली आणि हसली. बऱ्याच दिवसांनी आमच्या घरात कुणीतरी असं मोकळं हसलं. सासूबाई आमच्याकडेच उतरल्यात, त्यांनी तर उद्याचं लुगडंसुद्धा काढून ठेवलंय, दवाखान्यात नाही, लग्नाला निघाल्यासारखं.

२३ मार्च

उठलो तर घर रिकामं. दोघी गेल्यात.

बूट घालायला वाकलो. डोकं गुडघ्यात. शांत — श्वास गेला, नळावरचा थेंब तेवढा ऐकू आला. आणि लेस हातातच राहिली.

काल जिन्यातही असाच वाकलो होतो. श्वास तेव्हाही गेला असणार.

खरखर गेली नव्हती.

ही फोन उचलत नाही. राजे उचलत नाही, रेडिओ असेल. बारक्याला म्हटलं, धाव, मेन स्विच पाड. काही न विचारता धावला. चपला घालून निघालो.