उजवा गाल

सोमवार, ४

मान वळवू नको म्हटलं की लेकीनं वळवलीच! चाळीस फोटो काढले. अडतिसांत डोळे मिटलेले, एकात माझं बोट, आणि उरलेल्या एकात महाराणी जांभई देतायत. शाळा शेवटच्या वर्षाच्या मुलांचं पुस्तक काढतेय. प्रत्येकाचा एक फोटो, शुक्रवारपर्यंत. स्टुडिओतला नको म्हणे, घरी काढलेला हवा. भावानं नवा घेतला म्हणून जुना डिजिटल कॅमेरा आमच्या गळ्यात मारला होता, तो एकदाचा कामी आला.

मध्येच विचारते, "आई, तू मला नेहमी डावा गालच का पुढे करायला लावतेस?"

"उजेड तिकडून येतो म्हणून."

खोटं! खिडकी उजवीकडे आहे. आंधळ्यालाही कळेल.

उजव्या गालावर इस्त्रीचा डाग आहे. तीन वर्षांची होती. लॉन्ड्रीत मी गिऱ्हाइकाला पावती द्यायला वळले, गरम इस्त्री तशीच ठेवून. तेवढंच. तेरा वर्षं झाली. भिंतीवर तिचे अकरा फोटो आहेत, अकराच्या अकरा डावीकडून. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच करत आले.

मंगळवार, ५

बॅटरी संपली. महाराणी खूश.

बुधवार, ६

आज आपणहून आली! कॅमेरा हातात देऊन म्हणाली, "काढ गं. पण समोरून." सहा काढले. संध्याकाळी ह्यांनी कॉम्प्युटरवर मोठे करून दाखवले — आणि गाल स्वच्छ! डाग नाही, पुटकुळ्या नाहीत, काही म्हणता काही नाही. मी ओरडलेच, "अगं बाई, डाग गेला की! किती सुंदर दिसतेस!" ह्यांना गदागदा हलवलं, शेजारणीला हाक मारून दाखवलं. दिवसभर लोकांच्या कॉलरींचे डाग घासणारी बाई मी. डाग गेला की जीव हरखतो. काय करू!

ती नुसतं "हं" म्हणाली. जेवलीही नाही. या वयात राग नाकावरच असतो, म्हणून मी सोडून दिलं.

गुरुवार, ७

कॅमेरा घेऊन प्रिंट काढायला गेले. फोटोवाला म्हणाला, "ताई, चेहरा गुळगुळीत करायची सोय चालू आहे यात." म्हटलं, आपोआप झाली असेल. तर म्हणे, "आपोआप कशी होईल? कुणीतरी मुद्दाम चालू केलीय."

घरी येऊन भावाला फोन लावला आणि असा झाडला! त्यानं कानांवर हात ठेवले. मग ह्यांना विचारलं. "मला तो कॅमेरा चालू कुठून होतो तेही माहीत नाही," म्हणाले. तेही खरंच.

प्रिंट तिच्यापुढे ठेवली. तिनं एकदाच बघितलं. "ही कोण?" म्हणाली आणि उठून गेली.

मी तिथंच बसून राहिले. जन्म दिलेली आई मी, आणि भाळले कुणावर, तर जी नाहीच तिच्यावर! लाज वाटली. फार लाज वाटली.

शुक्रवार, ८

सकाळी लवकर उठवलं. कुरकुरली, पण आली. सोय बंद केली — कुठलं बटण ते फोटोवाल्यानं कागदावर लिहून दिलं होतं. खिडकीपाशी बसवलं, उजवा गाल उजेडाकडे. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तो डाग नीट पाहिला. इस्त्रीचं टोक, जसंच्या तसं. मधोमध एक बारीक तीळ आलाय. कधी आला? माझ्याच लेकीच्या गालावरचा तीळ, आणि मला पत्ता नाही!

एकच फोटो काढला. डोळे उघडे, डाग जागच्या जागी. "हा दे," म्हटलं. "नक्की?" विचारलं तिनं. "नक्की."

शाळेत गेली तेव्हा गुणगुणत होती. मी लॉन्ड्रीत दिवसभर हवेत. दोन शर्टांच्या घड्या उलट्या घातल्या तरी मालक काही बोलले नाहीत. म्हटलं, चला बाई, एक काम तरी धड केलंस. सुटलीस.

शनिवार, ९

दोघी शेंगा सोलत होतो. मी सहज म्हटलं, "ते बटण दाबणारा मेला एकदा सापडू दे. उगाच तुझ्या मामाला बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"मीच दाबलं होतं."

"तू? अगं, पण कशाला? फोटो कसा येतो ते बघायला?"

"फोटो नव्हता बघायचा. डाग नसता, तर तू माझ्याकडे कशी बघितली असतीस, ते बघायचं होतं."

पुढची शेंग उचलली तिनं. "मग, दिसलं का?" — एवढं विचारायची माझी हिंमत झाली नाही.